दरीला दरी म्हणायचं नाही तर काय?

…नाही, मग मला सांगा ना, दरीला दरी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? तुम्ही सगळी शिकलेली माणसं इथं बसलाय, कुणी कॉलेजात शिकवतंय, कुणाचा नवरा मिलिटरीत, कुणी दवाखान्यात… सांगा की! दोन डोंगर असतात, त्यांच्या मधे खोल जागा असते, वाकून बघितलं की पोटात गोळा येतो, वरून दगड सोडला की खाली पोचल्याचा आवाज यायला वेळ लागतो, त्या जागेला काय म्हणतात? दरी! माझी आई दरी म्हणायची, तिची आई दरी म्हणायची, आमच्या पाटणला तर परसाचं दार उघडलं की दरीच, रुसलेली सूनसुद्धा दरीकडे तोंड करून बसायची. आता या वयात मी दरीला दुसरं नाव कुठून आणू?

आणि तुम्ही मराठी मंडळवाले म्हणता, 'भागुबाई, तुम्ही छान सांगता, काहीतरी गमतीचं सांगा.' सांगते की. हसू येईल तिथं हसा, माझी काही हरकत नाही. मलाही येतं कधीकधी, आणि मग मी पदर तोंडात धरते, कारण घरात तो पडलेला असतो ना…

तो म्हणजे माझा मुलगा, शशिकांत. हाडांचा डॉक्टर. इथं जयपुरात कुणी स्कूटरवरून पडलं, कुणी जिन्यावरून पडलं, की शशीकडे. संक्रांतीला तर त्याला तिळगूळ तोंडात टाकायला फुरसत नसायची, सगळं जयपूर पतंग उडवायला गच्चीवर आणि गच्चीवरचं निम्मं जयपूर संध्याकाळी याच्या टेबलावर! लहानपणी आमच्या कोंबडीचा पाय मोडला तेव्हा आमचे हे म्हणाले, आज रस्सा करा. तर हे पोरगं कोंबडी घेऊन माळ्यावर जाऊन बसलं, काडी बांधली, चिंधी बांधली, आणि ती कोंबडी पुढं दोन वर्षं आमच्या डोक्यावर नाचली. उजवा हात बघायला पाहिजे होतात त्याचा. लांब बोटं, माझ्या बापासारखी. म्हाताऱ्या बायका त्याच्या त्या हाताला हात लावून आपल्या कपाळाला लावायच्या. मी दारात उभी राहून बघायची आणि आपलं तोंड दुसरीकडे करायची, नजर लागू नये म्हणून…

लागलीच की पण!

कुणाची लागली? माझी नाही हो, त्या सायकलीची लागली. पाठ दुखते म्हणून कुणीतरी सांगितलं सायकल चालवा, आणि याने सायकल आणली. आता सायकल म्हटल्यावर मला वाटलं, सायकल. तर तुम्हाला सांगते, तिला स्टँड नाही! कॅरिअर नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, चेन झाकायला पत्रा नाही. मी म्हटलं, "शशी, दुकानदाराने फसवलं रे तुला, निम्मी सायकल दिली." तर हसतोय. म्हणतो, "आई, ही डोंगरावरची सायकल आहे." डोंगरावरची! अरे, आम्ही जन्म काढला डोंगरावर, आम्हाला नाही कधी दिसली. आमचे हे दूध घालायला सायकलने जायचे, पण उतार आला की उतरून, सायकल हातात धरून चालायचे. म्हणायचे, उतरायचं असतं म्हणून तर त्याला उतार म्हणतात. आणि हा त्यांचा मुलगा, पन्नाशी ओलांडलेला, चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम वाईट रस्ता शोधायला जातो, त्यातला त्यात वाईट निवडतो, आणि उतार आला की हसत सुटतो!

आणि तो अवतार! डोक्यावर कलिंगड कापून उपडं घातल्यासारखा टोप. चड्डी अशी घट्ट की मी, त्याची जन्मदाती, मान खाली घालते, आणि त्या चड्डीला आतून गादी शिवलेली! पाठीवर पाण्याची पिशवी, तिला नळी, ती नळी तोंडात… म्हटलं, घरूनच सलाइन लावून निघालास का रे?

पण एक सांगते, खोटं नाही बोलणार. आठवडाभर ऑपरेशनं करून करून त्याचा चेहरा वाळलेल्या भाकरीसारखा व्हायचा, आणि रविवारी त्या जंगलातून अंगभर धूळ माखून आला की असा दिसायचा… असा दिसायचा जसा शाळेला दांडी मारून नदीवरून यायचा तसा. म्हणून मी बोलायची, पण अडवायची नाही.

तर रविवारी तो मला पण न्यायचा. सायकलवर नाही हो! गाडीत. सायकल गाडीच्या पाठीला बांधलेली आणि मी पुढं. का, तर मला घरी एकटी ठेवायची नाही असा घरात ठराव झालेला. एकदा मी कढीपत्ता आणायला बाहेर पडले आणि विद्याधर नगरात हरवले. आता तुम्हीच सांगा, त्या विद्याधर नगरात कोण नाही हरवणार? प्रत्येक गल्लीला तेच फाटक, तीच तुळस, तोच भुंकणारा कुत्रा! मी तर एका घरात जाऊन चप्पल काढून पंखा लावून बसले, मग कळलं की सोफा वेगळाय. तेव्हापासून ठराव. सून विनया घरी असली तर ठीक, नाहीतर म्हातारी गाडीत. नात आहे, ईश्वरी, बारावीला आहे, पण रविवारी ती दुपारपर्यंत झोपते, आणि झोपलेली ईश्वरी आणि रिकामं घर यात फरक काही नाही.

विद्याधर नगरच्या पलीकडे डोंगर लागतात ना, त्या बाजूला जंगलाचं एक फाटक आहे. कुठलं ते सांगत नाही, माणसं चांगली आहेत, उगाच कुणाची नोकरी जायची. जंगल म्हणजे आपल्यासारखं हिरवंगार नाही. वाळू, खुरटी झाडं, काटे, आणि बुटक्या टेकड्या, एक संपली की दुसरी, गाईंचा कळप बसल्यासारख्या. त्यातून पाऊलवाटा. लांबून बघितलं तर वाटतं, यात काय पडायचंय? आजारी माणूससुद्धा चालून येईल. पण आत गेलं की मधेच जमीन फाटलेली, पावसाच्या पाण्याने कापलेली, कडेला झुडूप, आणि झुडपाच्या मागे एकदम काही नाही!

फाटकाशी धापूची चहाची टपरी. धापू म्हणजे इकडच्या बोलीत पोट भरलं, बास झालं. चार मुलींनंतर ही पाचवी झाली तेव्हा आईबापाने देवाला निरोप पाठवला, बास! त्याचंच नाव झालं. धापूला मराठी येत नाही, मला तिची बोली कळत नाही, आमचं हातांनी चालतं. ती हात करून विचारते, गुडघा कसाय? मी हात करून सांगते, असा असा. दोन वर्षांत आमचं कधी भांडण नाही. ज्यांची भाषा कळते त्यांच्याशीच भांडणं होतात माझी.

आणि तिथं गार्ड, मोहरसिंग. मिशा बघाल तर छातीत धडकी, बोलणं ऐकाल तर लोण्याचा गोळा. "पधारो अम्माजी! बिराजो अम्माजी!" खुर्ची पुसून देणार, उन्हात सरकवणार. तेवढ्यात आपलं सगळं झालं असं वाटतं बघा, इतका आदर! अहो, त्या आदरानेच घात केला माझा. त्या दिवशी कुणी मला 'ए म्हातारे' म्हणालं असतं ना, तरी चाललं असतं, पण ऐकलं असतं माझं…

त्या रविवारी शशी एकटाच गेला. एरवी बरोबर परीक्षित असतो, तिकडे सी-स्कीम भागात बँकेत आहे, पण त्याच्या साडूच्या घरी लग्न. विनया पुण्याला, तिकडे पण लग्नच. मी म्हटलं, "एकटा नको जाऊस." म्हणाला, "आई, झोपेत चालवीन, इतकी पायाखालची वाट आहे. तुझा चहा संपेपर्यंत आलो." आणि गेला, मागचं चाक धूळ उडवत…

चहा संपला. दुसरा मागवला नाही, म्हटलं येईल. ऊन भिंतीवरून खाली आलं, माझ्या पायावर आलं. धापू हंडा घेऊन पाण्याला गेली. आणि फोन वाजला. माझा फोन म्हणजे फोटो दाबायचा. शशीचा फोटो, सुनेचा, नातीचा, बास. शशीचा फोटो वाजत होता. मी उचलला.

"आई, ऐक. मधे बोलू नकोस. मी दरीत पडलोय."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"पाण्याच्या जुन्या टाकीच्या पुढं, वाट डावीकडे वळते तिथं. उजवा हात दगडाखाली आहे. निघत नाही. मोहरसिंगला सांग, माणसं घेऊन ये म्हणावं. आत्ता लगेच, आई. बोटं बधीर व्हायला लागलीयत. उशीर झाला तर हात गेला…" आणि मग खरखर, आणि मग काही नाही. परत फोटो दाबला, ती बाई बोलली. ती बाई इंग्रजीत बोलते, मग हिंदीत बोलते, पण मराठीत बोलत नाही.

तुम्हाला सांगते, मी रडले नाही. मी अशी उठले, खुर्ची मागं पडली, आणि मोहरसिंगपुढं जाऊन उभी राहिले आणि मला येईल त्या सगळ्या हिंदीत सांगितलं, "भैया! मेरा लेक दरी में पडा है!"

मोहरसिंग म्हणतो, "लेक? लेक तो उधर है अम्माजी, जलमहल वाला. बहुत दूर है."

"अरे, लेक! शशी! डॉक्टर! डॉक्टर दरी में पडा है!"

आता बघा. आता ऐका. त्याचा चेहरा एकदम हसरा झाला. "अच्छा, डाक्टर साब! दरी पे पड़े हैं? तो पड़े रहने दो अम्माजी, थक गए होंगे!"

मला वाटलं माझ्या कानात काहीतरी बिघडलं. माझा मुलगा दरीत पडलाय आणि हा म्हणतोय पडू द्या! दरीला दरी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मी परत म्हटलं, हळू, एकेक शब्द. "दरी. में. पडा. है." तो पण हळू म्हणाला, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं, "हाँ जी. आराम. कर रहे. हैं."

अहो, नंतर कळलं मला. त्या जंगलात आत गार्ड लोकांची एक चौकी आहे, तिथं जमिनीवर अंथरलेलं असतं, आणि ही सायकलवाली मंडळी दमून आली की त्यावर आडवी पडतात, पाय वर करतात, पाठ ताणतात, शशी तर हमखास. आणि ते जे अंथरलेलं असतं ना, त्याला हे लोक काय म्हणतात? आपण काय म्हणतो? सतरंजी! हे काय म्हणतात? दरी! आणि 'पडा है' म्हणजे यांच्याकडे पडला नव्हे, आडवा झालाय! म्हणजे मी जीव खाऊन ओरडत होते, माझा मुलगा सतरंजीवर लोळतोय हो, धावा!

पण हे तेव्हा मला कुठं ठाऊक? मी म्हटलं, "उसका हात! हात दगड के खाली!" पत्थर हा शब्द मला येतो. रोज येतो. भाजीवाल्याला रोज म्हणते, भैया, ये कांदा है या पत्थर. त्या दिवशी तो शब्द गेला कुठं, कुठल्या बिळात शिरला, देव जाणे. दगड, दगड, दगड… मोहरसिंग कपाळाला आठ्या घालून ऐकतोय, आणि म्हणतो, "हाथ में गड़बड़? कोई बात नहीं, खुद हड्डी के डाक्टर हैं, ठीक कर लेंगे."

"जल्दी! जल्दी चलो!"

"काहे की जल्दी अम्माजी? इतवार है. बिराजो."

बिराजो! मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं हो त्याने, किती अलगद, जशी मी काचेची. आणि दुसऱ्या गार्डाला हळूच म्हणाला, "अम्माजी का जी घबरा रहा है, पानी पिलाओ."

मी पाण्याचा पेला भिरकावला. म्हटलं आता आपल्यातल्याच कुणीतरी यांना नीट हिंदीत सांगायला पाहिजे. सुनेचा फोटो दाबला. उचलला कुणीतरी, पण तिकडे सनई, बँड, आणि एक बाई ओरडतेय, "अक्षता कुठं ठेवल्यात?" मी इकडे ओरडतेय, "विनया, शशी दरीत पडलाय!" ती बाई म्हणते, "ऐकू येत नाही, जेवूनच जा!" आणि ठेवला.

राहिली नात. ईश्वरीचा फोटो दाबला. वाजला, वाजला, वाजला, आणि झोपेतला आवाज, "हं… आजी…"

"ईश्वरी, बाळा, तुझे बाबा दरीत पडलेत!"

"मग?"

मग! पोटच्या पोराची पोर मला विचारतेय, मग!

आता पोरीला तरी काय बोलू? जयपुरात जन्मली, जयपुरात वाढली, मराठी बोलते पण अशी, जशी दुसऱ्याच्या घरात फिरतेय. मी म्हटलं, "अगं, या गार्डाला नीट सांग, माझं कळत नाही त्याला. दरीत पडलेत म्हणावं!" आणि मोहरसिंगच्या हातात फोन दिला. सुटले म्हटलं. आपल्या रक्ताचं माणूस बोलतंय आता.

मोहरसिंग ऐकतोय, माना डोलावतोय, "हाँ बिटिया… हाँ हाँ… समझ गया… बिल्कुल…" आणि फोन मला परत देऊन दोन्ही हात जोडून म्हणाला, "बिटिया भी यही बोल रही है. पापा दरी पे लेटे हैं, दादी को ऐसे ही टेंसन हो जाता है."

ऐसे ही!

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला सगळ्या जगाची भाषा कळेनाशी झाली. मी जंगलाकडे बघितलं, त्या बुटक्या बुटक्या टेकड्या, ऊन पडलेलं, एक मोर आपला पिसारा ओढत चाललाय, किती शांत! आणि त्यातच कुठंतरी माझा शशी त्या हाताला बोलत असेल, दम धर, आईला सांगितलंय, आई सांगेल… मी निघाले. म्हटलं मीच जाते. चप्पल राहिली, काठी राहिली, फाटकातून आत दहा पावलं गेले असेन, दोघांनी उचलून आणलं. आदराने! "अम्माजी, अंदर बघेरा है, खा जाएगा." म्हटलं खाऊ दे बिबट्याला, निदान त्याला तरी भाषा लागत नाही!

आणि मी जमिनीवर बसले आणि नुसती ओरडत सुटले. दरी! दरी! दरी! छाती बडवून. दरीला दरी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? कुणीतरी सांगा, मी ते म्हणते! तुम्ही म्हणाल ते म्हणते!

तेवढ्यात धापू आली. हंडा घेऊन. मी जमिनीवर बसून दरी दरी करतेय हे बघितलं, हंडा ठेवला, आणि धावत टपरीत गेली. मला वाटलं, कळलं! हिला कळलं! बाईला बाईचं कळतं! आणि ती धावतच बाहेर आली, काखेत गुंडाळी, झटकली, आणि माझ्यापुढं अंथरली. लाल-निळ्या पट्ट्यांची. हाताने थोपटून म्हणाली, "ले अम्मा. दरी."

…हसा. हसा हो. मीसुद्धा हसले. तिथंच. खरंच सांगते, माझ्या तोंडातून हसू आलं, आणि ते मला ऐकू आलं तेव्हा मी घाबरले.

पण डोक्यात उजेड पडला. ही दरी! यांची दरी म्हणजे ही! शब्द कळला, पण दुसरा कुठून आणू? त्यांचा शब्द मला ठाऊक नाही, माझा त्यांना चालत नाही. मग मी धापूकडे बघितलं. आणि म्हटलं, भागे, तुझं आणि हिचं कधी तोंडाने चाललंय का?

मी तिची दुधाची किटली ओढली. इकडे ठेवली. पाण्याचा हंडा ओढला, तिकडे ठेवला. आणि ती सतरंजी उचलून दोन्हींवरून अशी टाकली. हा डोंगर. हा डोंगर. मधे झोळ. मग तिचा चहाचा एक मातीचा कुल्हड घेतला, दोन बोटांत धरून वरून चालवला, टुरटुर टुरटुर, तोंडाने सायकलीचा आवाज केला, आणि कडेवर आणून सोडला. कुल्हड खाली जाऊन फुटला. धापू बघतेय. मोहरसिंग बघतोय, अम्माजीचं गेलं डोकं, असा. मग मी तिचा आलं ठेचायचा दगड घेतला, माझा उजवा हात त्या झोळात घातला, जमिनीला टेकवला, आणि दगड आणला वरून हातावर. ठेवला नाही. आणला. आणि म्हटलं, "शशी."

धापूने हंबरडाच फोडला. "अरे मोहरसिंग! डाक्टर साब खाई में पड़ग्या रे! खाई में!"

खाई! एवढाच शब्द! खाई! खाऊसारखा लहान शब्द! अहो, आणि मग तो मोहरसिंग… मिशा, पट्टा, बूट, सगळं घेऊन असा पळाला, तसा माणूस पळताना मी पाहिला नाही. त्याचे लोक पळाले, चहा प्यायला आलेले दोन ट्रॅक्टरवाले पळाले, आणि धापूने ती सतरंजी किटलीवरून ओढली, दूध सांडलं, आणि ती घेऊन घागरा वर खोचून त्यांच्या मागं पळाली. मी एकटी तिथं, सांडलेल्या दुधात.

आणला त्याला. चौघांनी चार टोकं धरलेली, मधे हा, त्याच सतरंजीत. दरीत पडलेला, दरीत घालून आणला. कुणी ठरवून केलं असतं तर मी म्हटलं असतं, थट्टा करू नका.

शुद्धीवर होता. चेहऱ्यावर धूळ, आणि धुळीत दोन वाटा, डोळ्यांपासून कानांपर्यंत. हात… काळ्या वांग्यासारखा झाला होता हात. फुगलेला, चकचकीत. त्याने एकदा हाताकडे बघितलं, डॉक्टर बघतो तसं, दुसऱ्याचा असल्यासारखं. मग माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाला,

"आई, उशीर केलास गं."

एवढंच.

आता याला मी काय सांगणार? सांगू का, शशी, मी लगेच सांगितलं रे, तुझा फोन बंद व्हायच्या आत उठले, तू जो शब्द दिलास तोच दिला त्यांना, त्यात काही घातलं नाही, काही सांडलं नाही… दरीला दरी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? तूच म्हणालास की दरी! तुला इतकी वर्षं झाली इथं, त्यांच्याशी रोज फडाफडा हिंदी बोलतोस, पण पडल्यावर तुझ्या तोंडात पण आपलाच शब्द आला ना? मी नुसती त्याच्या कपाळावरची धूळ पुसली.

हात ठेवला डॉक्टरांनी. त्याच्याच दवाखान्यातल्या, त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोरांनी रडत रडत ठेवला. म्हणजे आहे हात, खांद्याला लावलेला आहे, दिसायला सगळी बोटं आहेत. अंगठा थोडा हलतो. बाकीची चारी नुसती बरोबर असतात, पाहुण्यासारखी. चमचा धरता येत नाही. चाकू तर सोडाच. म्हातारी माणसं अजून घरी येतात हो, प्लास्टर घेऊन, आणि दारातच त्याचा तो हात धरून कपाळाला लावतात, आणि तो लावू देतो.

आणि सायकल? सायकलीला ओरखडा नाही! मोहरसिंग स्वतः पुसून घेऊन आला, भिंतीला उभी केली, स्टँड नाही म्हणून. आणि माझ्या पायाशी बसला, मिशा भिजेपर्यंत रडला. मी म्हटलं, "बिराजो." दुसरं काय म्हणू? मला त्याच्या भाषेतला तेवढाच तर आदर येतो.

ईश्वरी रविवारी झोपत नाही आता. उजाडायच्या आधी उठून माझ्याजवळ येऊन बसते. त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही, मी पण काढत नाही. नुसतं विचारते, "आजी, दगड मतलब पत्थर ना? लेक म्हणजे मुलगा पण आणि मुलगी पण? आजी, खोली म्हणजे कमरा, पण खोल म्हणजे गहरा, ना?" मी म्हणते, हो बाळा. परवा एकदम म्हणाली, "आजी, 'पडलेत' असं तू म्हणालीस ना… मला हिंदीवालं ऐकू आलं." आणि माझ्या मांडीत तोंड घातलं. विनया दारात उभी होती, ती परत आत गेली.

ती सतरंजी धापूने परत घेतली नाही. इतकी धुतली तरी एका पट्ट्यावरचा डाग जात नाही. शशीला पलंगावर झोप येत नाही, पाठ दुखते, म्हणून व्हरांड्यात अंथरली. त्यावर पडलेला असतो. सकाळी ऊन येतं तेव्हा पडलेला, ऊन जातं तेव्हा पडलेला. समोर सायकल. तो सायकलीकडे बघत नाही, सायकल त्याच्याकडे बघते. मी चहा ठेवते, डाव्या बाजूला. तो म्हणतो, ठेव. आणि चहावर साय धरते.

कालच दवाखान्यातून फोन आला. कुणी नवीन मुलगी होती, गोड बोलणारी. "अम्माजी, डॉक्टर साहब से बात हो सकती है? क्या कर रहे हैं?"

मी व्हरांड्यात बघितलं. आणि सरळ हिंदीत सांगितलं, अडखळले नाही, कुठला शब्द शोधावा लागला नाही. म्हटलं, "दरी पे पडे हैं."

"अच्छा अच्छा," ती म्हणाली. "तो पड़े रहने दीजिए अम्माजी, आराम कर रहे होंगे."

बघा. पहिल्या झटक्यात कळलं तिला. आता कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.